नळदुर्गचा तंबूर आणि मैलारपूरची दिमडी

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बोरी नदीच्या वळणाला धरून उभा असलेला नळदुर्गचा किल्ला पाहावयास येणारा प्रवासी बहुधा पाणीमहाल पाहतो, पावसाळा भरात असेल तर नर आणि मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन धबधब्यांचे तुषार अंगावर घेतो आणि तृप्त होऊन परततो. परंतु ज्या सुलतानाच्या अमलात, १६१३ साली, मीर मुहम्मद इमादीन नावाच्या स्थापत्यविशारदाने नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटातच हा महाल बसविला, तो सुलतान राज्यकर्ता म्हणून जेवढा गाजला तेवढाच गाणारा आणि वाजविणारा म्हणूनही गाजला होता, ही गोष्ट त्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

विजापूरच्या गादीवर १५८० पासून १६२७ पर्यंत नांदलेल्या या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नवरस’ या नावाचा गीतसंग्रह दख्खनी भाषेत रचला. त्यातील गीते रागांच्या मथळ्यांखाली मांडलेली आहेत. त्यांत सरस्वतीचे आणि गणपतीचे स्तवन आहे, गुलबर्ग्याच्या बंदेनवाज गेसूदराजांविषयीची भक्ती आहे, आणि राजाच्या जिव्हाळ्याच्या आणखी दोन गोष्टी त्यांत नावानिशी येतात : आतशखान हा त्याचा हत्ती आणि मोतीखान हा त्याचा तंबूर. दरबारच्या सरदाराला द्यावा तसा ‘खान’ हा किताब एका तंतुवाद्याला बहाल करणारा राजा त्या वाद्याला केवळ शोभेची वस्तू मानीत नव्हता, हे उघड आहे. फारुख हुसेन या चित्रकाराने काढलेले त्याचे एक चित्र प्राग शहरातील नाप्रस्तेक संग्रहालयात आहे; त्यात राजा स्वतःच्या हाताने तंबूर छेडताना दिसतो; आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील दुसऱ्या एका चित्रात त्याच्या हाती चिपळ्यांच्या जातीचे तालवाद्य आहे. ज्याच्या पदरी वादकांचा तोटा नव्हता, त्याने वाद्य दुसऱ्याच्या हाती न सोपविता आपल्याच हाती ठेवावे, यात त्याच्या संगीतवृत्तीची खरी खूण आहे असे मला वाटते.

याच नळदुर्गात, बोरीच्या परिसरातच, मैलारपूर नावाचे खंडोबाचे ठाणे आहे. नळदुर्ग आणि शेजारचे अणदूर या दोन गावांत मिळून देवाची मूर्ती एकच. वर्षाचा मोठा भाग ती अणदूरच्या देवळात असते, पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास ती नळदुर्गास येते, आणि देवाचे हे जाणे-येणे दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होऊन यथासांग पार पडते. कर्नाटकात ज्याला मैलार म्हणतात तोच हा देव असल्यामुळे यात्रेला मराठी मुलखाइतकेच कानडी मुलखातूनही लोक लोटतात. भंडाऱ्याने अंगण पिवळे होते, ‘येळकोट येळकोट’चा गजर उठतो, आणि त्या गर्दीत कुठे ना कुठे एखादा वाघ्या, डाव्या हातात तळहाताहून थोडी मोठी अशी दिमडी धरून, उजव्या हाताच्या बोटांनी ती बोलती ठेवून, मल्हारीचे पद गात उभा असतो. त्याच्या शेजारी तुणतुण्याची एक तार अखंड झणकारत असते आणि मुरळी हातातली घाटी वाजवीत असते.

तंबूर छेडीत गाणारा सुलतान आणि दिमडी वाजवीत गाणारा वाघ्या यांच्यामध्ये वैभवाचे, धर्माचे आणि चार शतकांचे अंतर आहे. तथापि दोघांचे कर्म एकाच जातीचे आहे. एकाच देहाने एकाच वेळी गावे आणि वाजवावे, गळ्याने एक वाट चालावी आणि हाताने दुसरी, आणि तरीही दोन्ही वाटा समेच्या ठिकाणी नेमक्या एकत्र याव्यात, हे ते कर्म होय. ऐकणाऱ्याला हे इतके सहज वाटते की त्यातले कौशल्य त्याच्या नजरेतून निसटते. ‘गाणारा गातो आणि जोडीला वाजवितोही’ एवढीच आपण त्याची वासलात लावतो. वस्तुतः मनुष्याच्या शरीराला आणि मनाला जी कामे अत्यंत जड जातात, त्यांत या कामाची गणना केली पाहिजे.

प्रथम श्वासाचाच विचार करा. गाणे म्हणजे नियंत्रित निःश्वास. फासळ्या आणि पोटाचे स्नायू यांच्या आधाराने गायक हवा कंजूषपणे सोडतो, म्हणूनच स्वर लांब आणि स्थिर राहतो. हाताने वाद्यावर आघात करताना खांदा, छाती आणि पाठ यांचे स्नायू कामाला लागतात, आणि प्रत्येक जोरकस आघाताबरोबर छातीला सूक्ष्म हिसका बसून तो कंठापर्यंत पोहोचतो. नवशिक्याने ठेका धरून गाण्याचा प्रयत्न केला म्हणजे त्याच्या लांब स्वरात जे कंप उमटतात त्यांचे कारण हेच. म्हणून कसलेला वाघ्या खांद्यातून वाजवीत नाही. त्याचा आघात मनगटात आणि बोटांच्या पेरांत सुरू होतो व तिथेच संपतो, छाती मोकळी राहते. तीच गोष्ट कमरेला संबळ बांधणाऱ्या गोंधळ्याची. दोन नगाऱ्यांचे ते जोडवाद्य ऐन पोटावर येते, म्हणजे जिथून श्वासाला आधार मिळावयाचा तिथेच वाद्याचे ओझे असते, आणि दोन्ही हात काठ्यांनी गुंतलेले असतात. त्यामुळेच गोंधळात कामाची वाटणी झालेली दिसते : कथा लावणारा नाईक पुढे उभा राहून गातो, संबळवाला आणि तुणतुणेवाला मागे उभे राहून वाजवितात. तथापि ही वाटणी पुरती नसते. नाईकाने ओळ सोडली की ती उचलून झील धरावयाची ती या मागच्या दोघांनीच, आणि तीही हातातला ठेका क्षणभर न मोडता.

श्वासापाठोपाठ हाताचा प्रश्न येतो. मनुष्याच्या अवयवांना एकत्र चालण्याची उपजत ओढ असते. एका हाताने मांडीवर संथ ताल द्यावा आणि दुसऱ्याने वेगळ्या गतीचा, असे करू जाता दोन्ही हात थोड्याच वेळात एकाच गतीला येतात, हा अनुभव कोणालाही घरबसल्या घेता येईल. कंठही या ओढीतून सुटलेला नाही. त्यातून एक शारीरिक अडचण अशी की, बहुसंख्य उजव्या माणसांत वाणीचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे असतो, आणि उजव्या हाताचा कारभारही त्याच अर्धगोलाकडे असतो. १९७१ साली किन्सबोर्न आणि कुक या दोन संशोधकांनी एक सुबक प्रयोग केला : माणसांना बोटावर लाकडी दांडी तोलून धरावयास सांगितली, एकदा मुकाट्याने आणि एकदा बोलत असताना. बोलत असताना उजव्या हातावरचा तोल लवकर ढळला. डाव्या हाताला तो उपद्रव झाला नाही. एकाच दप्तरात दोन तातडीची कामे एकदम आली म्हणजे जे व्हावयाचे तेच इथे होते. आता आठवा, वाघ्या दिमडी डाव्या हातात धरतो आणि तिच्यावर बोटे चालवितो ती उजव्या हाताची. शब्दही त्याच वेळी वाहत असतात.

यावर कोणी म्हणेल की आमच्या आजी-पणजी जात्यावर बसून ओव्या गात असत, त्यांचेही हात चालत आणि गळाही चालत असे. मग यात विशेष ते काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच सारे मर्म आहे. जात्याचा फेरा आणि ओवीचा चरण यांची गती एकच असते. जाते गाण्याला झुलवीत नेते आणि गाणे हाताचे कष्ट हलके करते. तिथे हात गळ्याचा सोबती असतो. दिमडीचे तसे नाही. तिच्या ठेक्याला स्वतःचे बोल असतात, स्वतःचे भारदस्त आणि हलके आघात असतात, आणि ते शब्दांच्या वजनाशी जुळतीलच असा नियम नसतो. नवा गाणारा प्रत्येक अक्षरावर थाप देतो. गाणे शाळेतल्या पाढ्यासारखे ऐकू येते. जाणता गाणारा शब्द थापेवर न टाकता दोन थापांच्या मधल्या फटीत टाकतो. एखादे अक्षर समेच्या आधीच उचलून, ते लांबवीत, सम हाताला एकटीलाच घेऊ देतो, आणि कंठ अर्ध्या मात्रेने मागाहून खाली उतरतो. श्रोत्याला जी गंमत वाटते, अंगात जो डोल येतो, तो या अर्ध्या मात्रेच्या अंतरातून येतो. दोन वेगळ्या माणसांनी गायिले-वाजविले असता हे अंतर साधणे सोपे. एकट्याच्या देहात ते साधावयाचे म्हणजे अवयवांच्या त्या उपजत ओढीला क्षणोक्षणी नकार द्यावा लागतो.

मग तो साधतो कसा? आपल्याकडे अष्टावधानी पुरुषांच्या कथा आहेत, आणि गाता-वाजविता येणारा मनुष्य अशाच प्रकारे आपले अवधान दोन ठिकाणी विभागीत असावा असा लोकांचा समज असतो. परंतु मानसशास्त्राचा अनुभव याच्या उलट आहे. जाणीवपूर्वक लक्ष देऊन करावयाच्या दोन क्रिया एकाच क्षणी नीट होत नाहीत. त्यांतली एक दुसरीसाठी थांबते. म्हणून मार्ग दोनच उरतात आणि कलावंत दोन्ही वापरतो. पहिला असा की, एक क्रिया इतकी रुळवावयाची की तिला लक्षाची गरजच राहू नये : ठेका हातात असा बसवावयाचा की हात वाजवीत असता गप्पा माराव्यात, हिशेब सांगावा, भांडावे, आणि तरी लय तसूभर ढळू नये. दुसरा मार्ग याहून खोल आहे. गळा आणि हात या दोहोंना एकाच आवर्तनाचे घटक म्हणून शिकावयाचे; कुठल्या अक्षरानंतर कुठली थाप येते, कुठल्या थापेवर श्वास घ्यावयाचा, हे सर्व मिळून एकच आकृती मनात ठसवावयाची. असे झाले म्हणजे वाघ्याच्या मनात दोन कामे उरतच नाहीत. तो एकच गोष्ट करीत असतो, फक्त ती गोष्ट दोन अवयवांतून प्रकट होते. तबल्याच्या तालमीत बोल तोंडाने म्हणावयाची जी पढंत असते आणि गायनाच्या विद्यार्थ्याकडून हाताने टाळी-खाली दाखवीत जी चीज घोकून घेतली जाते, तिचाही हेतू हाच आहे. परंतु शास्त्रीय गायक पुढे मैफलीत बसला की ताल तबलजीवर सोपवून मोकळा होतो, वाघ्याला ती सवलत नाही.

अर्थात सर्व वाद्ये गाणाऱ्याला सारखीच कठीण नसतात. तुणतुण्याची किंवा एकतारीची तार एकच स्वर देते आणि बोटाची हालचालही एकच. तिथे कौशल्य थोडे, पण उपकार मोठा, कारण ती तार रात्रभर सुराला वाट चुकू देत नाही. तालवाद्यांची अडचण वर सांगितली. त्यांच्याही पलीकडचे कसब लागते ते भिक्षेला फिरणाऱ्या किंगरीवाल्याला : त्याला तारेवर गज ओढावयाचा, डाव्या हाताच्या बोटांनी पडद्याविना स्वर शोधावयाचा, आणि त्याच स्वराला गळा लावून कथा सांगावयाची असते. बोट केसभर सरकले तर वाद्य बेसूर होते आणि कान वाद्याच्या मागे गेला तर गळा बेसूर होतो. पेटीवर स्वर शोधावे लागत नाहीत, म्हणून ती सोपी वाटते. पण एका हाताने भाता चालवावयाचा, दुसऱ्याने पट्ट्या, आणि आपल्या छातीतला श्वास त्या भात्याच्या लयीला बांधला जाऊ द्यावयाचा नाही, हे पथ्य फार थोडे पाळतात. सुधीर फडके यांनी गीतरामायणाचे जे असंख्य जाहीर कार्यक्रम केले, त्यांत पेटी त्यांच्या स्वतःच्या हाताखाली असे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ती छप्पन्न गीते ज्यांनी पुढे रंगमंचावर ऐकली, त्यांना फडक्यांची पेटी गाण्याच्या पुढे धावलेली आठवणार नाही. ती शब्दाला टेकू देत असे आणि शब्द उच्चारला जात असता बाजूला होत असे. सनईसारख्या सुषिर वाद्याची मात्र गोष्टच निराळी, कारण श्वास एकच आहे आणि तो वाद्याने मागून घेतला की गाण्याला काही उरत नाही.

इथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. गायन, वादन आणि नर्तन या तिहींना मिळून संगीत म्हणावे अशी व्याख्या ज्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाने रूढ केली, तो ग्रंथ तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या आश्रयाने, देवगिरीस म्हणजे याच मराठवाड्याच्या भूमीत शार्ङ्गदेवाने लिहिला. पुढे दरबारी संगीताने त्या तिन्ही कलांची फारकत केली. ख्यालाचा विस्तार वाढला, गायकाला आलापीसाठी सर्व अवधान हवे झाले, आणि तबलजी, सारंगिये, पेटीवाले, तंबोरे धरणारे शिष्य अशी वेगवेगळी माणसे त्याच्याभोवती बसली. या विभागणीने गायकीला जे वैभव आले ते मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्यामुळे एक समजूतही रुजली, की जो आपले वाद्य आपणच वाजवितो तो कमी प्रतीचा कलावंत. देवाच्या अंगणात आणि गावाच्या वेशीवर मात्र शार्ङ्गदेवाची ती त्रयी अभंग राहिली : वाघ्या गातो, वाजवितो आणि त्याच वेळी त्याचे पाय तालावर पडत असतात. शास्त्रग्रंथाला अभिप्रेत असलेले संगीत ग्रंथ न वाचलेल्यांनी जपले.

त्यांनी ते जपले त्याचे एक कारण दारिद्र्य हे होते, हे लपविण्यात अर्थ नाही. दारोदार वारी मागणाऱ्या वाघ्याला, डौर वाजवीत फिरणाऱ्या भराड्याला, किंगरीवाल्याला साथीदारांचा ताफा पोसणे शक्य नव्हते. मिळालेल्या पसाभर जोंधळ्यात वाटेकरी किती करणार? गळा आणि हात एकाच धन्याचे ठेवणे त्यांना भाग पडले. पण गरजेतून आलेली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या घासली गेली म्हणजे तिचे शास्त्र बनते, आणि इतके बनते की परिस्थिती बदलल्यावरही तिची मातब्बरी कायम राहते. वासुदेवाच्या हातातल्या चिपळ्या, कीर्तनकाराच्या हातातली झांज, दिंडीत वीणेकऱ्याच्या गळ्यात असलेली वीणा, या सर्वांना हा न्याय लागू आहे.

शाहिरांनी तर या एकहाती गाण्या-वाजविण्याला रणांगणाची उंची दिली. नळदुर्गापासून फार दूर नसलेल्या बार्शीत १९१६ साली जन्मलेले अमर शेख हातात डफ घेऊन उभे राहिले म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील मैदानेच्या मैदाने त्या एका आवाजाने भरून जात. डफाची थाप आणि बुलंद स्वर यांतून एकाच माणसाचा आवेश दोन वाटांनी बाहेर पडत असे. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) खंजिरी हाती घेऊन जी भजने गायिली, त्यांत खंजिरी हे साथीचे वाद्य होते असे म्हणणे अपुरे ठरेल. तिच्या झांजांच्या खळखळाटानेच त्या भजनाची चाल ओळखू येत असे, आणि आजही खंजिरी भजन हा त्या भागात स्वतंत्र प्रकार म्हणून नांदतो आहे. त्याच परंपरेतील अकोला जिल्ह्याचे सत्यपाल महाराज समोर सात खंजिऱ्या मांडून, त्या एकट्याने वाजवीत, व्यसनमुक्तीपासून अंधश्रद्धेपर्यंतच्या विषयांवर प्रबोधनाचे कीर्तन करतात. गाणे, बोलणे, प्रश्नोत्तरे आणि सात खंजिऱ्यांवरचे हात एकाच वेळी चालू असताना श्रोता हसतो आणि विचारात पडतो. त्या हातांमागे किती वर्षांचा व्यासंग उभा आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही, आणि येऊ नये हेच त्या व्यासंगाचे यश.

महाराष्ट्राबाहेरही या विद्येचे थोर उपासक आहेत. मद्रासच्या वीणा धनम्माळ (१८६७ ते १९३८) वीणा वाजविता वाजविता स्वतः गात. त्यांची मैफल ऐकण्यासाठी मोठमोठे विद्वान त्यांच्या घरी जमत. बंगालचा बाऊल एका हातात एकतारा धरतो, दुसरा हात कमरेच्या डुग्गीवर ठेवतो, पायांत नूपुर बांधतो आणि गातागाता नाचतो. आपल्या वाघ्याचा तो सख्खा भाऊच म्हणावा. पश्चिम आफ्रिकेतील मांडिंका लोकांचे वंशपरंपरागत भाट एकवीस तारांचा कोरा अंगठ्यांनी आणि तर्जनींनी छेडीत राजवंशांचे इतिहास गातात; पोवाडा आणि गोंधळ जाणणाऱ्या मराठी माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. एवढ्या दूरदूरच्या समाजांनी कथा सांगणाऱ्याच्याच हाती वाद्य दिले, याचे कारण मला असे दिसते की कथेचा वेग ठरविण्याचा अधिकार कथेकऱ्याकडेच असावा लागतो. श्रोत्यांचे डोळे मिटू लागले की त्याने ठेका चढवावयाचा, युद्धप्रसंग आला की घाई करावयाची, आईचे दुःख आले की हात जवळजवळ थांबवावयाचा. हे दुसऱ्याला खुणेने सांगेपर्यंत क्षण निघून जातो.

ही विद्या शिकविण्याची घराघरांतली रीत साधी आणि शहाणपणाची आहे. जागरण-गोंधळाच्या घरातले पोर प्रथम मागे उभे राहून झील धरते. पुढे त्याच्या हाती तुणतुणे येते, कारण तिथे हात चुकण्यासारखे काही नसते आणि कान मात्र सुरात मुरतो. दिमडी किंवा संबळ त्यानंतर. म्हणजे आधी गळा, मग गळ्यासह सोपा हात, आणि शेवटी गळ्यासह कठीण हात. पाश्चात्य पद्धतीने गिटार शिकविणारे शिक्षकही विद्यार्थ्याला अवघड जागा संथ लयीत, तुकडे करून, हात बसल्यावरच शब्द घालून गाण्यास सांगतात. ज्या वाचकाला पेटीवर किंवा गिटारीवर गाण्याची हौस आहे, त्याने एवढे पथ्य पाळले तरी बरीच निराशा टळेल : घाई करू नये, हात बोलत असता आपण सहज बोलू शकतो की नाही ते आधी तपासावे, आणि मगच गावे.

गेल्या काही दशकांत या कलेची घडण बदलली आहे. ध्वनिक्षेपक आला तेव्हा गाणाऱ्याला एका जागी खिळावे लागले. मग जागरण-गोंधळ पार्ट्यांमध्ये कीबोर्ड आणि बँजो आले, गाणारा केवळ गाऊ लागला, वाजविणारे निराळे झाले, आणि दरबारी संगीतात जी फारकत झाली तीच आता देवाच्या अंगणातही होऊ लागली आहे. दिमडीचे कातडे पूर्वी घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आहे आणि ते योग्यच आहे, म्हणून आता दुसऱ्या कातड्याच्या किंवा कृत्रिम पडद्याच्या दिमड्या वापराव्यात. वाद्याचा घुमारा थोडा निराळा झाला म्हणून कला मरत नाही. मुले-मुली देवाला सोडण्याची जी रूढी या परंपरेला चिकटली होती, तीही कायद्याने निषिद्ध आहे. मुरळीचे गाणे राहावे, पण ते ज्या स्त्रीला गावेसे वाटेल तिने आपल्या इच्छेने आणि मानाने गावे, तिच्यावर नवसाचे ओझे नसावे, याविषयी माझ्या मनात मुळीच संदेह नाही.

चिंता वेगळीच आहे. खंडोबाच्या उपासनेवर रा. चिं. ढेरे यांनी ग्रंथ लिहिला, गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या जर्मन विद्वानाने आपल्या आयुष्याची वर्षे खर्च केली. देवतेचा इतिहास, पदांचे शब्द, विधींचा क्रम यांची नोंद बऱ्यापैकी झाली. हातांची नोंद मात्र झालेली नाही. पदाचा शब्द उतरवून घेता येतो, चाल ध्वनिमुद्रित करता येते. पण कुठल्या अक्षरावर बोट थांबले, समेला कंठ किती मागे राहिला, श्वास कुठे घेतला, डाव्या हाताच्या बोटांनी कातडे दाबून घुमारा कसा चढविला, हे गाणाऱ्याच्या समोर बसून, चित्रीकरण करून, त्यालाच विचारून लिहून घेतल्यावाचून राहणार नाही. मराठवाड्यातील विद्यापीठांनी आणि आकाशवाणीच्या केंद्रांनी हे काम हाती घ्यावे. संगीत विद्यालयांनी वर्षातून काही दिवस तरी एखाद्या जाणत्या वाघ्याला, गोंधळ्याला, शाहिराला गुरुस्थानी बसवून, योग्य मानधन देऊन, आपल्या विद्यार्थ्यांना गळा आणि हात एकत्र चालविण्याचे धडे घ्यावयास लावावेत. तबला आणि गायन यांच्या परीक्षा निरनिराळ्या असल्या तरी विद्यार्थ्याला देह एकच आहे.

आणि वाचकांना एवढीच विनंती, की पौष पौर्णिमेच्या सुमारास नळदुर्गास जाणे झाले तर पाणीमहाल पाहून लगेच परतीची गाडी धरू नये. मैलारपुरात एखादे जागरण उभे असेल तिथे बसावे, आणि पदाचा अर्थ ऐकता ऐकता थोडा वेळ नजर वाघ्याच्या बोटांवर ठेवावी. सोबत मूल असेल तर त्यालाही ती बोटे दाखवावी, आणि पद संपल्यावर त्या कलावंताच्या हाती बिदागी ठेवताना ती गळ्याची आणि हाताची अशी दुहेरी ठेवावी.